‘वाचा आणि अर्थ सांगा’ बंद करा: परकीय भाषेच्या वर्गात वाचन शिकवण्याचा क्रम

ठाण्याच्या नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या क्लासमध्ये मी जर्मन शिकवते. दुसऱ्या क्लासेसमधून आलेले विद्यार्थी हातात वाचनाचे कमी गुण घेऊन येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, ‘मॅडम, शब्द कमी पडतात.’ शब्द कमी असतात हे खरं. पण त्यांच्याकडून एखादा उतारा करून घेतला की निराळंच दिसतं. त्यांना वाचायला कुणी शिकवलेलंच नसतं, फक्त वाचायला लावलेलं असतं.

नेहमीचा तास आठवून बघा. एकजण उभं राहून परिच्छेद मोठ्याने वाचतो. शिक्षक उच्चार सुधारतात, वाक्यावाक्याचा मराठीत अर्थ सांगतात आणि ‘कळलं का?’ विचारतात. सगळ्या माना डोलतात. मग उताऱ्याखालचे पाच प्रश्न होतात. या तासात वाचलं ते शिक्षकांनी. विद्यार्थ्यांनी ऐकलं आणि शेवटी परीक्षा दिली.

खालचा क्रम माझ्या वर्गात बऱ्याच चुका होऊन बसलेला आहे. उदाहरणं जर्मनची आहेत, पण इंग्रजी, फ्रेंच किंवा जपानी शिकवणाऱ्यांनाही क्रम हाच चालेल. जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. फळ्यावर अर्थातच मूळ लिपीत लिहा.

टप्पा १. नेमकं कुठे अडतंय ते शोधा

पहिल्या तासाला काहीही शिकवू नका. साधारण दीडशे शब्दांचा, विद्यार्थ्यांच्या पातळीचा उतारा द्या. तीन मिनिटं मुकाट्याने वाचायला सांगा. मग कागद उलटा करायला लावा आणि जे लक्षात राहिलं ते मराठीत लिहायला सांगा. मराठीतच. जर्मनमध्ये लिहायला लावलंत तर तुम्ही वाचनाऐवजी लेखन तपासत बसाल.

कागद घरी नेऊन चार गठ्ठे करा.

पहिल्या गठ्ठ्यात सुटे शब्द असतात: ‘डॉक्टर, मंगळवार, कार्ड.’ हा विद्यार्थी शब्दाशब्दावर थांबतो. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांना शब्द येतात, पण कोणी कोणाला काय केलं ते उलटं झालेलं असतं. त्यांची अडचण वाक्यरचनेची. तिसऱ्या गठ्ठ्यात वाक्यं बरोबर असतात, पण ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ गायब असतात, म्हणजे धागा सुटलेला असतो. चौथा गठ्ठा फसवा. लिखाण सुरेख आणि सुसंगत असतं, पण ते उताऱ्यात नसतंच. शीर्षक बघून, दोन ओळखीचे शब्द पकडून विद्यार्थ्याने स्वतःच गोष्ट रचलेली असते. हुशार, बोलकी मुलं बहुतेक वेळा याच गठ्ठ्यात सापडतात आणि वर्गात त्यांचं सगळं छान चाललंय असं आपल्याला वाटत राहतं.

चारही गठ्ठ्यांना ‘शब्द पाठ करा’ हे एकच औषध देणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे.

*तपासा:* प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एकच गठ्ठा लिहिला गेला आहे का? दोन गठ्ठ्यांत बसत असेल तर आधीचा धरा. शब्दांवर अडणाऱ्याला धागा शिकवून उपयोग नाही.

टप्पा २. उतारा निवडा आणि स्वतः वाचून तयार करा

हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासातून निघालेला आकडा शिक्षकांनी लक्षात ठेवावा. कुणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८% शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे दीडशे शब्दांत अनोळखी शब्द तीन. आपण सर्रास पंचवीस-तीस अनोळखी शब्दांचा उतारा देतो आणि ‘संदर्भावरून ओळखा’ म्हणतो. संदर्भच अनोळखी असेल तर ओळखायचं कशावरून?

माझा हिशेब असा. घरी एकट्याने वाचायच्या मजकुरात शंभराला दोनच अनोळखी शब्द. वर्गात, माझ्या मदतीने वाचायच्या मजकुरात शंभराला पाच. त्यापुढे गेलं की तो तास वाचनाचा राहत नाही, शब्दार्थाचा होतो. मोजणी स्वतःच्या अंदाजाने करू नका. वर्गातल्या मधल्या पातळीच्या दोघांना आदल्या दिवशी उतारा दाखवून अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. ‘हा शब्द मागच्या महिन्यात शिकवला होता’ हा आपला पुरावा असतो. मुलांच्या डोक्यात तो शब्द असतोच असं नाही.

मग उतारा घेऊन बसा आणि अनोळखी शब्दांची तीन भागांत वाटणी करा: गाळले तरी चालणारे, अंदाजाने कळणारे आणि मलाच सांगावे लागणारे. तिसऱ्या भागात पाचाहून जास्त शब्द निघाले तर उतारा बदला.

*इशारा:* उतारा अवघड वाटला म्हणून वाक्यं तोडून सोपी करत बसू नका. उतारा तोच ठेवून काम सोपं करा. रेल्वेच्या वेळापत्रकातून फक्त गाडी सुटायची वेळ शोधायला सांगितली तर वेळापत्रक अवघड राहत नाही.

टप्पा ३. आधी मराठीत करून दाखवा

स्किमिंग, स्कॅनिंग हे शब्द फळ्यावर लिहून व्याख्या देऊ नका. मुलं हे रोज करतात, फक्त त्याला नाव आहे हे त्यांना माहीत नसतं.

ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून इंडिकेटर कसा बघता, असं विचारा. वरपासून खालपर्यंत कुणीच वाचत नाही. कल्याण आहे का, स्लो आहे का, किती डब्यांची, किती मिनिटांत. डोळे नेमकं तेवढंच उचलतात. हे स्कॅनिंग. सकाळी पेपर हातात घेऊन मथळे चाळतो ते स्किमिंग. आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाचं बिल वाढून आलं की आपण एकेक आकडा बोट ठेवून वाचतो. ते सखोल वाचन.

मग एक खरी सूचना द्या. पाणी बंद राहणार असल्याची नोटीस सोसायटीच्या फळ्यावर असतेच. तिचा फोटो काढून आणा. प्रश्न तीनच: आपल्या भागात पाणी जाणार का, कधीपासून, कधीपर्यंत? वेळ तीस सेकंद. उत्तरं मिळाली की विचारा, ‘कुठले शब्द वाचलेच नाहीत?’ कुणी ‘जलवाहिनी’ वगळलेलं असतं, कुणी ‘नागरिकांनी सहकार्य करावे’ ही ओळ. वगळूनही उत्तर बरोबर आलं, हे मुलांना स्वतःच्या भाषेत एकदा अनुभवू द्या. परक्या भाषेत एक शब्द सुटला की वाचक म्हणून आपण नापास झालो असं त्यांना वाटत असतं. ती भीती इथेच घालवायची असते. दहा मिनिटं पुरतात.

टप्पा ४. वाचण्याआधीची पाच मिनिटं

उतारा हातात देण्याआधी दोनच गोष्टी. एक, हे कशासाठी वाचायचं आहे ते सांगा. उतारा पाणी बंद राहण्याच्या नोटिशीचा असेल तर: ‘तुम्ही या इमारतीत राहता, उद्या सकाळी अंघोळ करायची आहे.’ दोन, शीर्षक, चित्र, मजकुराचा आकार एवढंच दाखवून आत काय असेल ते लिहून घ्या. तोंडी अंदाज विरून जातात. कागदावरचा अंदाज नंतर तपासता येतो, आणि या खेळाचा उपयोग तो तपासण्यातच आहे.

घड्याळ लावा. इथे गप्पा फार छान रंगतात. ‘जर्मनीत पाणी जातं का हो मॅडम?’ पासून सुरू होऊन वीस मिनिटं कशी गेली कळत नाही.

*इशारा:* चौथ्या गठ्ठ्यातल्यांसाठी हा टप्पा विषासारखा ठरू शकतो. ते आधीच गोष्टी रचतात, आपण त्यांना आणखी रचायला सांगतोय. त्यांना वेगळं काम द्या: ‘तुझा अंदाज चुकला असं सिद्ध करणारं वाक्य शोधून आण.’

टप्पा ५. पहिलं वाचन मुकाट्याने

फोन बॅगेत. कॅमेरा धरला की अख्खं पान मराठीत दाखवणारं ॲप प्रत्येकाकडे आहे आणि ते मी घरी वापरायला बंदी करत नाही. वर्गात मात्र नाही.

दोन मिनिटं, एकच प्रश्न, तोही ढोबळ: हे कोणी कोणाला, कशासाठी लिहिलं आहे? पेन्सिल हातात धरू देऊ नका. ती हातात आली की अनोळखी शब्दाखाली रेघ जाते आणि मग डोळे त्या रेघेवरून हलत नाहीत.

मोठ्याने वाचन इथे नको. मोठ्याने वाचणाऱ्याचं सगळं लक्ष उच्चारात असतं. पान खणखणीत वाचून दाखवलेल्या मुलीला ‘आता काय होतं त्यात?’ विचारलं की ती परत पहिल्या ओळीपासून सुरुवात करते, हे तुम्हीही पाहिलं असेल. उच्चाराचा सराव अर्थ लागल्यानंतर, शेवटच्या पाच मिनिटांत घ्या.

*तपासा:* कोणाचे ओठ हलताहेत, कोणाचं बोट एकाच शब्दावर आहे हे फिरून बघा. काही बोलू नका. नोंद करा.

टप्पा ६. स्वतःचं डोकं उघडून दाखवा

सगळ्या क्रमात शिक्षक गाळतात तो हाच टप्पा, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तोही इथेच. सांगून वाचन येत नाही. पोळी लाटताना आईने ‘कडा पातळ कर’ असं नुसतं सांगितलं तर काय होतं ते आठवा. हात दिसावा लागतो. वाचनात हात दिसत नाहीत, म्हणून जे डोक्यात चाललंय ते मोठ्याने बोलून दाखवायचं.

माझा नेहमीचा उतारा दोन ओळींचा आहे. इमारतीच्या दारावरची नोटीस:

‘वेगेन रेपाराटूरआरबाइटेन विर्ड आम डीन्सटाग फोन हाल्ब आख्ट बिस त्स्वोल्फ ऊअर दास वासर आबगेश्टेल्ट. दास हिंटरहाउस इस्ट डाफोन निश्ट बेत्रोफेन.’

आता मी फळ्यासमोर मराठीत बोलते, साधारण असं:

‘पहिलाच शब्द वेगेन, हा कारण सांगतो. म्हणजे कशामुळे तरी काहीतरी होणार आहे. पुढचा शब्द लांबलचक आहे, घाबरत नाही, उजवीकडून तोडते. आरबाइटेन म्हणजे कामं. आधी रेपाराटूर, इंग्रजी रिपेअरच्या जवळचा. दुरुस्तीची कामं. मग विर्ड आला. हे अर्धंच क्रियापद, उरलेलं शेवटी असणार. मधलं सोडून सरळ पूर्णविरामापाशी जाते. आबगेश्टेल्ट. हा मला माहीत नाही. पण सुरुवातीला आब आहे, म्हणजे काढून घेणं, बंद करणं असं काहीतरी. शेजारी वासर, पाणी. दुरुस्ती, पाणी, आब. पाणी बंद करणार. आता मधे परत येते. मंगळवार. हाल्ब आख्ट... साडेआठ? नाही, थांबा. अर्धं आठ, म्हणजे आठला अर्धा तास कमी. साडेसात. दुपारी बारापर्यंत. दुसरं वाक्य. बेत्रोफेन माहीत नाही. निश्ट दिसतोय, म्हणजे कशाला तरी नकार. हाउस घर, हिंटर मागे. मागच्या इमारतीच्या बाबतीत काहीतरी नाही. पाणी बंद होण्याची गोष्ट चाललीय, मग मागच्या इमारतीला तो त्रास नाही, असंच असणार. मी मागे राहत असेन तर अंघोळ होईल. बेत्रोफेनचा अर्थ नंतर बघेन, आत्ता नडत नाही.’

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. अडखळले, चुकीचा अंदाज बोलून दाखवला आणि तो दुरुस्त केला. सुळसुळीत प्रयोग करून उपयोग नाही. मुलांना वाटतं मॅडमना सगळं येतंच. तुम्हाला खरंच अनोळखी असलेला मजकूर अधूनमधून घ्या. मी एकदा भाडेकराराचं पान घेतलं होतं आणि एका शब्दावर साफ आपटले. त्या दिवशी वर्ग जितका जागा होता तितका क्वचितच असतो.

लगेच जोड्या लावा आणि पुढची दोन वाक्यं त्यांना असंच मोठ्याने विचार करत वाचू द्या. मराठीत बोलू द्या. ‘वर्गात फक्त जर्मन’ हा नियम इथे गुंडाळून ठेवा.

*थांबा:* बोलून दाखवणं म्हणजे भाषांतर सांगणं नव्हे. ‘याचा अर्थ पाणी बंद राहील’ हे भाषांतर. ‘मला हे कशावरून कळलं’ हे वाचन. तुमच्या बोलण्यात ‘कशावरून’ येत नसेल तर तुम्ही पुन्हा जुन्याच तासाकडे सरकला आहात.

टप्पा ७. एका आठवड्याला एकच युक्ती

सगळ्या युक्त्या एका तासात दाखवल्या की त्यांची यादी होते आणि यादी वहीत राहते. आठवड्याला एक. क्रमही बदलू नका: शब्द, मग वाक्य, मग वाक्यांमधला सांधा. इथे मराठी आपल्याला जी मदत करते ती आपण वापरतच नाही. इंग्रजीच्या वाटेने जर्मन शिकवायची सवय पडली आहे, म्हणून.

*पहिला आठवडा: लांब शब्द तोडणे.* जर्मन जोडशब्द म्हणजे आपला तत्पुरुष समास, दुसरं पद प्रधान. देवघर हे घर असतं, देव नसतो. क्रांकेनहाउस म्हणजे रुग्णांचं घर, आपलं रुग्णालय. हांटशू म्हणजे हाताचा बूट, आपला हातमोजा. हे दाखवलं की वर्गात हशा होतो आणि भीती निम्मी उतरते. मग नियम एकच: उजव्या टोकापासून तोडा, शेवटचा तुकडा सांगतो ती वस्तू कोणती. क्रांकेनफेअरझिशरुंग्सकार्टे हे शेवटी कार्टे, म्हणजे कार्ड. कसलं? विम्याचं. कसल्या विम्याचं? आजारपणाच्या. रोज पाच शब्द, फळ्यावर, तोडून.

त्याच आठवड्यात फसव्या शब्दांची ओळख करून द्या. आपल्या मुलांना इंग्रजी येतं आणि तेच आडवं येतं. गिफ्ट म्हणजे विष, शेफ म्हणजे साहेब, फास्ट म्हणजे जवळजवळ, बाल्ट म्हणजे लवकरच. बेकॉमेन म्हणजे ‘होणे’ नव्हे, ‘मिळणे’. ही शेवटची चूक तर बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, पोचलेली मुलंही करतात.

*दुसरा आणि तिसरा आठवडा: क्रियापद शोधणे.* याला दोन आठवडे द्या. विद्यार्थी डावीकडून उजवीकडे अर्थ लावत जातात आणि जर्मन वाक्य शेवटी येऊन पलटी खातं. श्टायगेन घ्या. ‘इश श्टायगे इन फ्रांकफुर्ट...’ इथवर वाचून काहीच ठरत नाही. शेवटी आउस आला तर उतरतो, आइन आला तर चढतो, उम आला तर गाडी बदलतो. ठाण्याला उतरणं आणि ठाण्याला वाशीची गाडी पकडायला बदलणं यात किती फरक आहे ते ट्रान्स हार्बरने जाणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

काम सोपं आहे: वाक्य वाचायच्या आधी पूर्णविरामाजवळ जायचं, क्रियापदाचे दोन्ही तुकडे गोल करायचे, त्यांना रेघेने जोडायचं, मगच अर्थ. गौण वाक्यात तर क्रियापद शेवटीच असतं आणि ते मराठी कानाला नैसर्गिक आहे. ‘ठाण्यात काल आलेली गाडी’ ही रचना इंग्रजीतून समजावताना घाम फुटतो. जर्मनमध्ये ‘गेस्टर्न इन ठाणे आनगेकोमेने त्सुग’ म्हणजे शब्दाला शब्द ‘काल ठाण्यात आलेली गाडी’. मराठीतून थेट जा. अंकांचंही तेच. एकवीस म्हणताना आपणही एक आधी म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतो. ट्वेंटी-वनच्या वळशाने जाण्याची गरज नाही. फक्त ते ‘हाल्ब’ सांभाळा. आपलं साडे मागच्या तासाला चिकटतं, त्यांचं हाल्ब पुढच्या. ‘पावणेआठ’ आठकडे बघून बोलतो तसंच हे, असं सांगितलं की लक्षात राहतं.

जपानी शिकवणाऱ्यांना ही मदत आणखी जास्त आहे: क्रियापद शेवटी, विशेषण-वाक्य नामाच्या आधी. इंग्रजी शिकवणाऱ्यांची अडचण उलटी. तिथे माहिती नामाच्या मागे लोंबत येते, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी नाम शोधायला शिकावं.

*चौथा आठवडा: सांधे.* आबर (पण), डेसहाल्ब (म्हणून), ट्रोत्सडेम (तरीही), ओबवोल (जरी), झोंडर्न (‘हे नव्हे, तर ते’ मधला तर). उताऱ्यातले हे शब्द रंगवून घ्या आणि पुढचं वाक्य झाकून विचारा, ‘आता काय येणार?’ ट्रोत्सडेम नंतर अपेक्षेच्या उलट काहीतरी येणार हे वाक्य झाकलेलं असतानाच सांगता आलं की धागा हातात आला. सर्वनामांना बाण काढा. झी हा एकच शब्द ‘ती’, ‘ते सगळे’ आणि आदरार्थी ‘आपण’ असा तिन्ही होतो. बाण चुकला की अख्खा परिच्छेद चुकतो.

*पाचवा आठवडा: परिच्छेदाला नाव.* प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात मराठीत पाच शब्दांच्या आत मथळा. पाच शब्दांची अट सोडू नका.

*तपासा:* आठवड्याच्या शेवटी नवीन उतारा द्या आणि कोणती युक्ती वापरायची ते सांगू नका. सांगितल्यावरच वापरली जात असेल तर अजून आली नाही. पुढे जाऊ नका.

टप्पा ८. चौघांचा गट

पालिंक्सार आणि ब्राउन या शिक्षण-संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाला येते. चार कामं: पुढचा अंदाज करणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं, सार सांगणं. चार चिठ्ठ्या करा, चौघांत वाटा. एक परिच्छेद झाला की चिठ्ठ्या उजवीकडे सरकवा.

हे सहाव्या आठवड्याआधी करू नका. मी केलं होतं, हौसेने, दुसऱ्याच आठवड्यात. ‘अडलेलं सोडवणारा’ बिचारा शब्दकोश होऊन बसला आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसले. एकेक युक्ती आधी हातात बसलेली असेल तरच गट चालतो.

गटातला हुशार विद्यार्थी सगळं बोलून टाकतो. त्याला सार सांगण्याची चिठ्ठी शेवटी मिळेल असं बसवा. प्रश्न विचारणाऱ्याने ‘कोण’ आणि ‘कुठे’ हे दोन प्रश्न वापरायचे नाहीत, ‘का’ आणि ‘कशावरून’ हेच. एवढ्या एका नियमाने गटातली चर्चा बदलते.

टप्पा ९. परीक्षेचं वाचन वेगळं शिकवा, पण शेवटी

जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेत वाचनाला ६५ मिनिटं असतात, पाच भाग, ३० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ६०%. पाचही भाग एकाच पद्धतीने वाचणं हीच मुलांची चूक. तिसरा भाग जाहिरातींचा आहे: सात माणसं, दहा जाहिराती, कोणाला कोणती चालेल. हे इंडिकेटर बघण्याचं काम आहे. आधी माणसाची गरज वाचा, दोन अटी अधोरेखित करा, मग जाहिरातींवरून नजर फिरवा. एका माणसाला कुठलीच जाहिरात जुळत नाही हे विसरू नका. जी अट मोडते ती सापडली की जाहिरात सोडून द्या, सुंदर वाटली तरी.

चौथ्या भागात लोकांची मतं असतात आणि विषयाला त्यांचा पाठिंबा आहे की विरोध ते सांगायचं असतं. इथे आबरच्या पुढे काय आहे तेच वाचायचं. सुरुवातीला गोड बोलून नंतर फिरणारे तिथे बरेच भेटतात. पाचव्या भागात नियमावली असते. घरच्या सोसायटीचे नियम वाचताना जसं नेमकं कलम शोधतो तसं शोधायचं, पूर्ण वाचायचं नाही. सखोल वाचन राखून ठेवायचं ते पहिल्या दोन भागांसाठी.

पर्यायी उत्तरांत उताऱ्यातलाच शब्द जसाच्या तसा दिसला की सावध व्हायला शिकवा. बरोबर उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दांत सांगितलेलं असतं. आणि छोटे शब्द: आब म्हणजे पासून, बिस म्हणजे पर्यंत, आउसर म्हणजे वगळून. ‘आउसर मोंटाग्स’ मधला आउसर सुटला की सोमवारी बंद दुकान उघडं होतं.

*तपासा:* प्रत्येक उत्तरासमोर पुराव्याची ओळ क्रमांकाने लिहून घ्या. पुरावा नसलेलं बरोबर उत्तर चूक धरा. पहिले दोन आठवडे मुलं वैतागतात. वैतागू द्या. सरावाच्या ६५ मिनिटांतली शेवटची पाच उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला राखून ठेवायला लावा.

टप्पा १०. घरचं वाचन

प्रश्न नकोत. सोपा मजकूर, रोज पंधरा मिनिटं, ऐरोलीहून किंवा डोंबिवलीहून येताना गाडीत उभ्याने वाचता येईल इतका सोपा. त्यांच्या पातळीच्या एक पायरी खालचा. ‘एवढं सोपं कशाला?’ म्हणून विद्यार्थी आणि कधीकधी त्यांचे पालकही तक्रार करतात. वेग सोप्या मजकुरावरच वाढतो, अवघडावर नाही.

वहीत तीन रकाने: काय वाचलं, कुठे अडलो, कसा सुटलो. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, दुसरा रिकामा नको. ‘कुठेच अडलो नाही’ असं सलग तीन दिवस लिहिणाऱ्याने वाचलेलं नसतं.

टप्पा ११. पुन्हा मोजा

आठव्या आठवड्यात पहिल्या तासाचाच प्रयोग नव्या उताऱ्यावर करा: तीन मिनिटं, कागद उलटा, मराठीत लिहा. नवे कागद जुन्या कागदांशेजारी ठेवून वाचा. गुणांची तुलना करू नका, गठ्ठ्यांची करा.

सुट्या शब्दांच्या गठ्ठ्यातली मुलगी वाक्यांच्या गठ्ठ्यात आली असेल तर काम होत आहे, गुण अजून वाढले नसले तरी. चौथ्या गठ्ठ्यातला मुलगा आता कमी लिहितो, पण जे लिहितो ते उताऱ्यातलं असतं, तर तीही प्रगतीच. घरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, कारण आधीचा भरगच्च कागद त्यांना जास्त आवडलेला असतो. जे हललेच नाहीत त्यांची तीन रकान्यांची वही मागा. वही भरलेली असेल आणि तरी गठ्ठा तोच असेल, तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा आणि त्यांना दिलेल्या उताऱ्यांतले अनोळखी शब्द मोजा. माझ्याकडे असे दोघे-तिघे दर बॅचला निघतात. मोजल्यावर दरवेळी शंभराला दहा-बारा अनोळखी शब्द सापडतात आणि तो उतारा मीच निवडलेला असतो.